नाकातली तुती

एका नाकपुडीत मांस वाढू लागतं. लालबुंद, पिकलेल्या तुतीसारखं खडबडीत, आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. बोट लागलं की भळाभळा रक्त. फारसं दुखत नाही, ताप येत नाही, माणूस सहसा मरत नाही. त्यामुळे तो दवाखान्यात उशिरा जातो, कापून घेतो आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा तेच घेऊन येतो. ऱ्हायनोस्पोरिडिओसिस हे त्या रोगाचं जिभेला न पेलणारं नाव. पाठ्यपुस्तकं त्याला माणसात क्वचित आढळणारा बुरशीजन्य रोग म्हणत आली.

त्यावरून छत्तीसगढमधल्या भिलाईत, पावर हाउस नावाच्या वस्तीत, मामा-भाचीत झालेला वाद इथे उतरवतो आहे. मामांचा नंदिनी रोडवर रेती, गिट्टी, सिमेंटचा धंदा. त्यांचे वडील भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडारा जिल्ह्यातून इकडे आले आणि इथलेच झाले. भाची रायपूरला पॅथॉलॉजीत एम.डी. करते. मी दोघांच्या मधे बसलेला. जिथे गप्प राहवलं नाही तिथे तोंड घातलं आहे.

मामा: तू काहीही म्हण, मला हे दुर्मिळ रोगांचं खूळ पटत नाही. इथं सिकलसेल आहे, टीबी आहे, पावसाळा लागला की डेंगी आहे. त्याचंच पुरं होऊन नाही राहिलं, अन् तू नाकातलं मांस घेऊन बसली.

भाची: दुर्मिळ लंडनला असेल, मामा. जगातले बहुतेक रुग्ण भारतातले नि श्रीलंकेतले. भारतात तामिळनाडू, केरळ, बंगाल, ओडिशा आणि आपलं छत्तीसगढ. रायपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून यावर लेख छापून आलेले आहेत. इथं नाकातला कोंब तपासायला आला की माझ्या डोक्यात पहिलं नाव हेच येतं.

मामा: अन् काचेखाली असं दिसतं तरी काय?

भाची: लहान लेन्सखालीसुद्धा चुकत नाही. रंगवलेल्या गुलाबी मांसात गोल गोल पिशव्या. स्पोरँजियम म्हणतात त्यांना. कोवळ्या पिशवीत मधोमध एकच केंद्रक असतं. ती वाढते तशी भिंत जाड होत जाते आणि आत हजारो बीजाणू तयार होतात. पिकलेली पिशवी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी होते. रुग्णाच्या नाकात नुसत्या डोळ्यांना दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे याच पिशव्या. मग भिंतीला एका जागी भोक पडतं, बीजाणू बाहेर सांडतात, शेजारच्या त्वचेत रुजतात आणि तिथे नवीन कोंब. कापताना सर्जननं हलगर्जीपणा केला तर तोच त्यांना पसरवतो.

मामा: हाव, पण मरत तर नाही ना कोणी! 2021 आठव. काळी बुरशी, काळी बुरशी करून टीव्हीवाल्यांनी नुसता हैदोस घातला. कोणी फ्रीजमधल्या कांद्याला घाबरून राहिला, कोणी भिंतीवरच्या ओलीला. तुझ्या मामीनं महिनाभर लोणच्याच्या बरणीला हात नाही लावला.

भाची: मामी कांद्याला घाबरली ते चूक. पण तो रोग खोटा होता का? छत्तीसगढमधला त्याचा पहिला मृत्यू आपल्या भिलाईतच नोंदला गेला, त्या मे महिन्यात.

मामा: ते माहीत आहे मला. म्हणूनच म्हणून राहिलो. घाबरवल्यानं काय झालं? इंजेक्शनसाठी लोक रायपूर-नागपूर पळाले, अन् इंजेक्शन मिळालं नाही.

भाची: अँफोटेरिसिन. नव्हतंच देशात पुरेसं. का नव्हतं? म्युकरमायकोसिस, म्हणजे तीच काळी बुरशी, हाही पुस्तकात दुर्मिळ होता म्हणून. खरं तर कोविडच्या आधीही आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी पट जास्त होता. कारण साखर. ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नाही असे लोक. राइझोपसचे, म्हणजे त्या बुरशीचे, बीजाणू तुम्ही-मी रोज श्वासातून आत घेतो, काही होत नाही. रक्तात साखर चढलेली, त्यात स्टेरॉइडचा मारा, म्हणजे त्याला रान मोकळं. नाकातून सायनस, तिथून डोळा, तिथून मेंदू. तो रक्तवाहिन्यांत शिरतो, रक्त अडतं, मांस मरून काळं पडतं. बुरशी स्वतः काळी नसतेच. जुलै 2021 पर्यंत देशात 45 हजारांवर रुग्ण झाले, सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. ज्याला आपण क्वचित म्हणून सोडून दिलं होतं, तो हा.

मामा: मग तुझी तुती पण उद्या अशी पसरणार, असं म्हणायचं आहे?

भाची: नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. साथ येणार नाही. तेच तर दुखणं आहे. साथ येत नाही, मरत नाही, म्हणून मोजत नाही.

इथे मी मधे पडलो, कारण मला कोलकात्याची गोष्ट आठवली. 2023 साली एका बातमीनं जगभर खळबळ उडवली होती. वनस्पतींवरच्या बुरशीचा अभ्यास करणारे 61 वर्षांचे एक गृहस्थ, तीन महिने आवाज बसलेला, खोकला, गिळायला त्रास. श्वासनलिकेशेजारी गळू सापडलं. त्यातला पू तपासला तर नेहमीच्या पद्धतींनी ओळखच पटेना. शेवटी जनुकीय क्रम लावून कळलं की ही कॉन्ड्रोस्टेरियम पर्प्युरियम, गुलाबाच्या कुळातल्या झाडांची पानं चंदेरी करून त्यांना मारणारी बुरशी. ती माणसात सापडल्याची ही पहिलीच नोंद. गळू उपसलं, दोन महिने व्होरिकोनाझोल दिलं, ते बरे झाले. एक माणूस, एक गळू, आणि मेक्सिकोपासून जपानपर्यंत मथळे. शास्त्राच्या दृष्टीनं ती नोंद मोलाची, यात वाद नाही. पण त्या एका गळूवर जगभर जितकी शाई सांडली, तितकी छत्तीसगढमधल्या तलावकाठच्या सगळ्या नाकांवर मिळून सांडली असेल असं वाटत नाही.

मामा: हे बरं बोललात. जो नवीन तो छापून येतो. जुन्याला कोण विचारते?

भाची: आणि हा तर भलताच जुना. 1900 साली ब्युनोस आयर्सला गिलेर्मो सीबर नावाच्या डॉक्टरानं पहिल्यांदा प्रबंधात लिहिला. तीनच वर्षांनी कलकत्त्याहून ओकिनीली यांनी रुग्ण नोंदवला. 1923 मध्ये एडिंबरोच्या ॲशवर्थनं जीवनचक्र मांडलं. त्याच्याकडचा नमुना कोणाच्या नाकातला होता माहितीये? तिथं शिकायला गेलेल्या एका हिंदुस्थानी विद्यार्थ्याच्या. सीबरला हा प्राणीवर्गातला परजीवी वाटला होता. ॲशवर्थ म्हणाला, बुरशी. आणि बुरशी म्हणून तो पुस्तकात पक्का झाला.

मामा: पक्का झाला म्हणजे आता नाही?

भाची: नाही ना! 1999 मध्ये त्याचा डीएनए वाचला तर तो बुरशी निघालाच नाही. माशांवर नि पाण्यातल्या इतर जीवांवर जगणाऱ्या एका गटातला निघाला. प्राणी आणि बुरशी यांच्या वाटा जिथं वेगळ्या होतात, तिथल्या फांदीवरचा.

मामा: (हसून) म्हणजे 76 वर्षं सगळ्या जगाच्या डॉक्टरांनी चुकीचं शिकवलं. अन् आम्ही रेतीत दोन टोपल्या माती निघाली तरी गिऱ्हाईक आम्हाला चोर म्हणते.

भाची: चुकीचं शिकवलं असंही नाही. बुरशीच्या रंगांनी तो रंगतो, भिंतीत कायटिन आहे, बीजाणू आहेत. डोळ्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. आणि अजून एक अडचण: तो प्रयोगशाळेत वाढतच नाही. कितीही खायला घाला, बशीत उगवत नाही. दिल्लीच्या आहलुवालिया बाईंनी तर सांगितलं होतं की हे तलावातलं निळं-हिरवं शेवाळ आहे, मायक्रोसिस्टिस. ते टिकलं नाही. पण हा काथ्याकूट नुसता पंडितांचा नाही, मामा. बुरशी समजून बुरशीवरची औषधं दिली की रुग्णाचे पैसे जातात, महिने जातात, कोंब तिथंच.

मामा: मग इलाज काय, कापणं?

भाची: कापणं, आणि जिथून उगवला ती बैठक विजेनं जाळणं. आता दुर्बिणीतून नीट दिसतं. नंतर काही डॉक्टर डॅप्सोन देतात, कुष्ठरोगावरची गोळी. त्यानं पिशव्या पिकायच्या थांबतात असं दिसलंय. महिनोन्महिने घ्यावी लागते. आणि आपल्या भागात ती डोळे मिटून देता येत नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी डॅप्सोननं फुटतात. आधी रक्त तपासायचं, मग गोळी.

मामा काही वेळ गप्प होते. मला वाटलं, संपलं. पण ते खऱ्या मुद्द्यावर आता येत होते.

मामा: तू एक सांग. तो बशीत उगवत नाही म्हणते. मग तलावाच्या पाण्यात तो आहे, हे कोणी वाढवून दाखवलं?

भाची: वाढवून कोणीच नाही.

मामा: झालं मग! अन् तुम्ही सगळे डॉक्टर उठसूट लिहिता, तलावात आंघोळ करणाऱ्यांना होते. पुरावा नाही अन् तलाव बदनाम. तुला तलाव म्हणजे काय ते माहीत नाही, तू नळाच्या पाण्यावर वाढली. कारखान्याच्या सेक्टरमध्ये नळ आला 1950-60 च्या सुमारास. आजूबाजूच्या गावांत तरियाच होता. पचरीवर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, बायका एका अंगाला, माणसं एका अंगाला, खालच्या अंगाला म्हशी. दहाव्याची आंघोळ तिथं, सणाला भोजलीचे अंकुर शिरवायचे तिथं. जुन्या गावाचं मोठेपण सांगायचं तर इथले लोक म्हणतात, छै आगर छै कोरी तरिया. सहा विसे अन् वर सहा, एकशे सव्वीस तलाव. तुझ्या आजोबांकडे भंडाऱ्याला पण तेच. मालगुजारांच्या काळातले तलाव, सरकारी कागदावर माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यावर धान पिकला, त्यावर आपलं खानदान जगलं.

भाची: मी तलाव बुजवा म्हटलं का?

मामा: तू नाही म्हणणार. तू लिहिशील, तलावाच्या पाण्यानं रोग होते. तो कागद कोणाच्या हाती पडेल? ज्याला तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं आहे त्याच्या. तो म्हणेल, पाहा, डॉक्टरच सांगून राहिले. मी रेती विकतो, मला माहीत आहे किती तलावांत किती ट्रक मुरूम पडला.

या मुद्द्यावर मी सरळ मामांच्या बाजूचा. शहरांतले तलाव गेले ते रोगाच्या भीतीनं नव्हे, जागेच्या भावानं. पण भावाला सोवळं कारण लागतं, आणि वैद्यकाचा कागद हे सगळ्यात सोवळं कारण. तरी भाचीला जे उत्तर सुचलं ते मला सुचलं नसतं.

भाची: बरं, पुरावा. वाढवून दाखवलेला नाही, पण बोट दाखवणारा भरपूर आहे. सर्बियात हा रोग कोणाला ठाऊक नव्हता. 1990 नंतरच्या काही वर्षांत अचानक रुग्णांचा एक घोळका निघाला, आणि ती मंडळी एकाच तळ्यात पोहलेली. आता दुसरी बाजू, तुमची. एका तरियात अख्खं गाव आंघोळ करतं, होतं मात्र एखाद-दुसऱ्यालाच. का? पाणीच दोषी असतं तर सगळ्यांना व्हायला हवं होतं.

मामा: मी तेच म्हणून राहिलो.

भाची: म्हणजे पाण्याच्या जोडीला अजून काहीतरी लागतं. बीजाणूला आत शिरायला नाकाच्या आतल्या त्वचेवर ओरखडा पाहिजे. तो कोणाच्या नाकात पडतो? 1933 साली नोरोन्हा नावाच्या डॉक्टरांनी उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या एका विलायती नियतकालिकात टिपण लिहिलं. विषय काय, सांगा बरं?

मामा: मला काय माहीत!

भाची: पुण्यातले वाळू काढणारे मजूर. त्यांच्यात हा रोग किती आहे, याच्यावर. चार वर्षांनी, 1937 मध्ये, मांडलिकांनी इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये असेच रुग्ण नोंदवून तो कसा लागत असेल यावर निरीक्षणं मांडली. पुढे श्रीलंकेतही नदीतली वाळू काढणाऱ्यांत तो दिसला. बुडी मारायची, तळाची वाळू ढवळायची, गढूळ पाणी नाकात, त्या पाण्यात वाळूचे कण. कण ओरखडा काढतो, बीजाणू त्यात बसतो. तर्क आहे, पण पक्का वाटणारा तर्क आहे. पचरीवर बसून तांब्यानं आंघोळ करणारी आजी आणि गळ्याएवढ्या पाण्यातून रेती उपसणारा पोरगा, दोघांना एका रकान्यात टाकून आपण म्हणतो, तलावात आंघोळ करणारे.

मामांनी पुढ्यातलं बिलबुक मिटलं. दुकानासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, ओल्या रेतीतून पाणी गळत होतं. ट्रॉलीवर दोन पोरं, त्यातलं एक मान मागे टाकून नाक शिंकरत होतं. शिंकरणं म्हणजे रोग नव्हे, सर्दीही असेल. पण तिघांनीही तिकडे पाहिलं.

मामा: माझ्याकडे येणारी बरीचशी रेती आता पोकलेननं निघते.

भाची: आणि उरलेली?

मामा: उरलेली पोट्टे काढतात. नाल्यातून, डोहातून. कागदावर नसते ती. (थांबून) म्हणजे तू मला दोषी धरून राहिली.

भाची: मी तुम्हाला धंदा बंद करा म्हणत नाही. पोरांना दोन गोष्टी सांगा म्हणते. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, ती चोंदलेली वाटत असेल, आत काही वाढल्यासारखं लागत असेल, तर लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. गावात कोणाकडून दोरा बांधून किंवा चिमट्यानं ओढून काढायचं नाही, त्यानं पसरतं. डोळ्याच्या पापणीआत लाल मांस आलं तरी तेच. नाकानंतर हा डोळ्यातच जास्त होतो. आणि कापून घेतल्यावर बरं वाटलं तरी वर्षभर दाखवत राहायचं.

मामा: अन् बुडी मारताना?

भाची: मारूच नये हे उत्तर. ते जमणार नसेल तर नाकाला चिमटा. पोहणारे लावतात तो.

मामा: रेतीवाला नाकाला चिमटा लावेल! सगळा घाट हसेल.

भाची: हेल्मेटलाही हसायचे. भिलाईच्या कारखान्यातच हसायचे, तुम्हीच सांगायचात आजोबांच्या गोष्टी.

हेल्मेटची तुलना मला तितकीशी पटली नाही. कारखान्यात हेल्मेट न घालणाऱ्याला गेटवर अडवणारा माणूस असतो, कारण कारखान्याचा हजेरीपट असतो, अपघात झाला तर भरपाईचा कायदा असतो. डोहातून रेती काढणाऱ्याचा हजेरीपट कोण ठेवणार? तो कोणाचाच नोकर नाही. पुण्यात 1933 मध्ये निदान कोणीतरी त्या मजुरांच्या नाकात डोकावून त्यांचा धंदा कागदावर लिहिला होता. मी हे बोलून दाखवलं, आणि वाद तिसरीकडेच वळला.

मामा: तुमच्या रायपूरच्या कागदावर लिहितात का धंदा?

भाची: माझ्याकडे नमुन्याबरोबर जो फॉर्म येतो त्यावर नाव, वय, स्त्री-पुरुष, वॉर्ड आणि एका ओळीत तक्रार. धंदा केसपेपरवर असतो कधी कधी. तिथं लिहिलेलं असतं, मजूर.

मामा: मजूर तर इथं सगळेच. गिट्टी फोडणारा मजूर, भट्टीवरचा मजूर, धान कापणारा मजूर. त्यावरून काय कळणार तुला?

भाची: काहीच नाही. म्हणून तर म्हणते, आकडा नाही. मी थीसिसला हाच विषय घ्यायचा विचार करते आहे. जुन्या काचा काढायच्या, ज्यांचा पत्ता लागेल त्यांना शोधायचं, काय काम करत होता, कुठल्या पाण्यात, किती वर्षं, हे विचारायचं.

मामा: मग नीट विचार. आंघोळ करत होता का, एवढंच नको विचारू. हो म्हणेल तो. तलावात आंघोळ तर सगळेच करतात. रेती काढत होता का, मासे धरायला बुडी मारत होता का, म्हैस धुवायला आत नेत होता का, कमळकाकडी काढत होता का, ते विचार. अन् छत्तीसगढीत विचार. हिंदीत विचारलं की लोक साहेबाला पाहिजे ते सांगतात.

भाची: आणि तलावाचं नाव? ते लिहू? तुम्हीच म्हणालात, तो कागद चुकीच्या हाती गेला तर तलाव बुजेल.

मामा: (बऱ्याच वेळानं) लिही. नाव नाही लिहिलं तर सगळेच तलाव बदनाम. पण नावापुढं हे पण लिही, की तिथं पोट्टे कोणासाठी बुडी मारत होते. पुरवठादाराचं नाव नको, पण रेती शहरात जात होती एवढं लिही.

भाची: थीसिसमध्ये असं लिहितात का?

मामा: ते तू तुझ्या मॅडमला विचार. अन् त्या जी-सिक्स-पीडीच्या तपासणीला पैसे किती लागतात, ते मला सांग.